पाचवं नाव

ऑर्बिन कॉडिलला गुरुवारी, ऊन डोंगराआड जायच्या आत, कॉडिलांच्या दफनभूमीत पुरलं. जागा छान मिळाली, ओकच्या झाडाखाली. माती भुसभुशीत होती, ब्रदर एस्टिलनी प्रार्थना आटोपशीर केली आणि बटाट्याचं सॅलड उरलं.

छे, असं काही झालंच नाही. बुधवारी सकाळी ऑर्बिन आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून अंडी तळत होता आणि चांगला धडधाकट होता. म्हणजे धडधाकट असताना तो जितका कण्हतो तितकाच कण्हत होता. खिडकीत रेडिओ चालू होता. रेडिओवर त्याच्या बहिणीचा नवरा, व्हर्लिन स्टिडम, आपल्या मखमली आवाजात लिक ब्रँच वस्तीवरचे ऑर्बिन कॉडिल वारल्याची बातमी देत होता. ऑर्बिनने अंडं उलटलं आणि म्हणाला, "अरेरे."

मग त्याच्या लक्षात आलं.

आधी व्हर्लिनचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याच्या चांगल्या नावाचा आहे. ड्रेनन काउंटीच्या रेडिओवर तो तीसेक वर्षं सकाळचा कार्यक्रम करत होता. आधी शाळेच्या बस कुठल्या वाटेवर अडकल्यात ते, मग कोणाला जुना फ्रीज विकायचाय, कोणाचा कुत्रा हरवलाय, आणि सव्वाआठला, मागे ऑर्गनची तबकडी लावून, मृत्युवार्ता. पूर्व केंटकीच्या त्या डोंगरांत माणूस दवाखान्यात मरत नाही. दवाखान्यात फक्त त्याचं हृदय थांबतं. मरतो तो सव्वाआठला. व्हर्लिनने नाव वाचेपर्यंत शेजारणी दुखवट्याच्या घरी न्यायचा हॅम भट्टीत ठेवत नाहीत, फुलवाली कात्री उचलत नाही आणि विधवेला कोणी विधवा म्हणत नाही.

आणि व्हर्लिन कधी चुकला नव्हता. एकदा शहरातल्या डॉक्टरांनी एका म्हातारीला मृत ठरवलं. अंत्यविधीवाल्याने फोन करून नाव दिलं. व्हर्लिनने नाव समोर धरलं, जरा थांबला आणि पुढचं वाचलं. नंतर विचारलं तर म्हणाला, "काय माहीत, तोंडात येईना." दुपारी म्हातारी उठून बसली. तिचा पहिला प्रश्न, "व्हर्लिनने वाचलं का?" नाही म्हटल्यावर तिने सूप मागितलं. त्या दिवसापासून ड्रेनन काउंटीत व्हर्लिनचा शब्द डॉक्टरांच्या वर गेला, आणि ब्रदर एस्टिलना कधीकधी वाटायचं की आणखीही कोणाच्या तरी वर गेला. पण ते बोलले नाहीत, कारण चर्चच्या घोषणाही व्हर्लिनच वाचायचा.

आता गोळ्यांचं. स्टेशनचा मालक दमडीचा कंजूष, त्यामुळे प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा गेला की व्हर्लिनच वर चढायचा. एका फेब्रुवारीत तो दिव्याच्या आधी खाली आला. पाठीचे दोन मणके सरकले. व्हिडिओच्या दुकानाशेजारी एका डॉक्टरांनी नवीनच दवाखाना थाटला होता. बाहेर परराज्यांतल्या गाड्यांची रांग लागायची आणि आत कोणाला तपासायला वेळ नसायचा. त्यांनी व्हर्लिनला गोळ्या लिहून दिल्या. व्हर्लिन त्या आधी दुखलं की घ्यायचा, मग दुखेल म्हणून घ्यायला लागला, आणि पुढे पुढे, दुखत नाहीये ना हे बघायला.

गंमत म्हणजे त्याने आवाज बिघडला नाही, सुधारला. आधी तो नावं वाचायचा तेव्हा नुसतीच नावं ऐकू यायची. आता त्याच्या आवाजाला साय धरली होती. बायका म्हणायच्या, या आवाजात आपलं नाव येणार असेल तर जायला हरकत नाही.

ही साय कशाची आहे ते ओळखणारा काउंटीत एकच माणूस निघाला, ऑर्बिन, आणि पंचाईत अशी की तोच काउंटीतला सर्वात मोठा थापाड्या होता. त्याने वासराएवढा मासा पकडला होता, तो कोणी पाहिला नव्हता. त्याची पाठ तरुणपणापासून कामातून गेली होती, आणि त्याला लग्नांत नाचताना सगळ्यांनी पाहिलं होतं. खरं म्हणजे पाठ खरोखरच दुखत होती आणि नाचताना तो दात आवळायचा. पण थापाड्याची पाठ कोण मोजतो? तर या माणसाने सोमवारी खरेदी-विक्रीच्या कार्यक्रमात, थेट प्रक्षेपण चालू असताना, फोन लावला.

"बोला, काय विकायचंय?" व्हर्लिनने विचारलं.

"विकायचं काही नाही, मेहुण्या. विचारायचंय. आज न्याहारीला काय खाल्लंस?"

"ऑर्बिन, लाइन मोकळी ठेव. लोक थांबलेत."

"निळ्या खाल्ल्यास की पांढऱ्या? का दोन्ही, दुधात कालवून?"

सगळ्या काउंटीने हे ऐकलं. न्हाव्याने कात्री थांबवली. व्हर्लिनची बायको डेल्फिया घरी कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने घातलेली घडी मोडली आणि परत घातली.

तिथेच व्हर्लिन हसून म्हणाला असता, "दोन्ही, आणि वर मध," तर विषय मिटला असता. पण त्याचा मान दुखावला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "या माइकवरून मी तुमचे आईबाप पोचवलेत," तो म्हणाला. "एक मरण चुकीचं वाचलंय का? सांगा. ज्या दिवशी एक जरी चुकीचं वाचेन, त्या दिवशी मला खुशाल गोळीखाऊ म्हणा. तोपर्यंत ऑर्बिन कॉडिलला ऑर्बिन कॉडिल म्हणा, त्यापेक्षा वाईट काही सुचणार नाही."

लोक खूश झाले. सोमवारी आणि मंगळवारी व्हर्लिन जिंकला होता.

बुधवारी त्याच्यासमोर चार नावं होती. फोनवर बसणारी गोल्डा नावं घ्यायची, ठसठशीत अक्षरांत लिहून काचेच्या फटीतून आत सरकवायची. व्हर्लिनने चार वाचली. पाचव्यासाठी त्याचं तोंड उघडलंच नव्हतं. तो तबकडीचा आवाज कमी करायला हात पुढे करत होता, आणि कानांवरच्या हेडफोनमध्ये त्याला आपलाच आवाज ऐकू आला, संथ, साईचा: "लिक ब्रँचचे श्रीयुत ऑर्बिन कॉडिल. मागे पत्नी ओपल आणि बहीण डेल्फिया. दफन उद्या." ते ऐकून झाल्यावर त्याचे ओठ हलले.

काचेपलीकडे गोल्डाने कार्डिगनच्या बाहीने डोळे टिपले. आपण हे नाव लिहिलं नव्हतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

चूक झाली, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण त्या दोन शब्दांमागे दुसरा शब्द उभा होता, गोळीखाऊ, त्याने स्वतःच सोमवारी तिथे आणून उभा केलेला. ऑर्गन संपला. तबकडीची सुई रिकाम्या खाचेत खरखरत राहिली.

"आणि आता," व्हर्लिन म्हणाला, "हवामान."

ऑर्बिन तळलेलं अंडं तसंच टाकून स्टेशनवर आला. गोल्डाने त्याला दारातच मिठी मारली.

"ऑर्बिन, फार वाईट वाटलं रे ऐकून."

"गोल्डा, मी इथे उभा आहे."

"हो रे. सुरुवातीला पटतच नाही. माझी आई गेली तेव्हा मलासुद्धा असंच झालं होतं."

"तुझी आई गेली तेव्हा तू नव्हतीस गेली!"

"तेच म्हणते," गोल्डा म्हणाली आणि त्याला कागदी रुमाल दिला.

ऑर्बिनने काचेवर मूठ आपटली. आत व्हर्लिनच्या कपाळावर घाम आला होता. ऑर्बिनचे ओठ काचेतून नीट वाचता येत होते: माइकवर सांग. सांग की तू खाल्ल्या होत्यास. व्हर्लिनने खूण केली, जरा थांब, प्रक्षेपण चालू आहे. प्रक्षेपण चालू नव्हतं. मेंढीच्या लोकरीच्या गालिच्यांची जाहिरात चालू होती.

दुपारपर्यंत काउंटीत मत बनलं. व्हर्लिन म्हणतो ऑर्बिन मेला. ऑर्बिन म्हणतो मी जिवंत आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. आता यात एक तीस वर्षांत कधी चुकला नाही आणि दुसरा ऑर्बिन. हे असं मांडलं की निवाडा करायला कोर्टसुद्धा लागत नाही. ओपलच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत तीन हॅम, राजम्याचा डबा, मसाला भरलेली उकडलेली अंडी आणि केळ्याचं पुडिंग जमलं. ओपलने आधी एक-दोन बायांना सांगून पाहिलं की अहो तो मागे गवत कापतोय. पण बाया कणवेने बघायच्या आणि मग तिचा हात दाबायच्या. तिसरीनंतर तिने काळा पोशाख घातला. आलेल्या माणसांपुढे फुलांच्या झग्यात वावरणं बरं दिसत नव्हतं.

व्हर्लिन आणि डेल्फिया गेले नसते तर चर्चा झाली असती, म्हणून तेही गेले, डेल्फियाच्या हातात मक्याच्या ब्रेडचं भांडं. गाडीत ती एकच वाक्य बोलली. "माझ्या भावाला सोडव."

"कशातून?"

"तुझ्यातून."

ऑर्बिन टेबलाशी बसून स्वतःच्या दुखवट्याला आलेला हॅम खात होता. भोवती माणसं हळू आवाजात त्याच्याविषयी चांगलं बोलत होती, जे त्याने याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो मधून मधून चावायचं थांबून कान देत होता. त्याच्या चुलत बहिणीची मुलगी जनेल दवाखान्यात नर्स होती, ती शेजारी बसून त्याचा हात हातात धरून होती. व्हर्लिनला पाहिल्यावर ऑर्बिन उठला आणि त्याला मागच्या ओसरीवर घेऊन गेला. तिथे भांडण होईल असं व्हर्लिनला वाटलं होतं. पण ऑर्बिन नुसता कठड्याला टेकून उभा राहिला. सरळ. कुठे हात न धरता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "कोणाला सांगायचं नाही. पाठ थांबली."

"काय थांबली?"

"दुखायची. तू नाव वाचलंस, मी अंडं उलटलं, आणि गेली. बाविसाव्या वर्षापासून दुखत होती, मेहुण्या. मला वाटायचं तीच मी आहे. आता आत काही नाहीये. घर रिकामं झाल्यावर घुमतं ना, तसं."

व्हर्लिनची स्वतःची पाठ सकाळपासून जळत होती. नेहमीच्या जागी नव्हे. खाली, डावीकडे, जिथे त्याला कधीच लागलं नव्हतं. गवत कापताना, लग्नांत नाचताना दुखेल तशी. त्याने दोन जास्तीच्या घेतल्या होत्या आणि त्या वेदनेने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"ऑर्बिन, तुझा हात दे."

हात गार होता. ओसरीवर ऊन पडलं होतं आणि हात विहिरीतल्या बादलीसारखा गार होता.

"हॅम कसा लागतो?" व्हर्लिनने विचारलं.

"लागत नाही," ऑर्बिन म्हणाला. "पण लोकांनी आणलाय." मग तो पहिल्यांदाच पहिल्यासारखा चिडला. "तू सांग ना रे माइकवर! एक वाक्य! मला रिकामं नकोय. माझी पाठ मला परत दे. तुझं नाव जाईल, जाऊ दे ना. माझं काय चाललंय बघ."

समोरच्या वाटेने चार शेजारी खांद्यावर फावडी टाकून डोंगर चढत होते. ड्रेनन काउंटीत खड्डा शेजारीच खणतात, त्याचे पैसे घेत नाहीत, आणि खणलेला खड्डा रात्रभर मोकळा ठेवत नाहीत. का, ते कोणी सांगत नाही. मोकळा ठेवला तर तो आपला आपण भरून घेतो, एवढंच म्हणतात, आणि तेव्हा कोणाला घेईल याचा नेम नाही. आज ते जागा आखायला चालले होते. खणायचं उद्या सकाळी. त्यांनी ओसरीकडे पाहून टोप्या काढल्या. ऑर्बिननेही सवयीने हात वर केला.

"उद्या सव्वाआठला सांगतो," व्हर्लिन म्हणाला. "आईशप्पथ."

गुरुवारी सकाळी त्याने एकही गोळी घेतली नाही, म्हणजे गोळीच्या भरात बोलला असं कोणी म्हणू नये. गोल्डाने आत सरकवलेल्या कागदावर दोन नावं होती, ती त्याने उलटी करून ठेवली, ऑर्गन लावला नाही, आणि कोरड्या आवाजात सगळं सांगितलं. मी गोळ्या खातो. लिहून दिलेल्या, आणि त्या संपल्या की न लिहून दिलेल्या. ऑर्बिन खरं बोलला. काल मी शुद्धीत नव्हतो, ते नाव माझ्या तोंडून निसटलं, तो जिवंत आहे, खणणाऱ्यांना थांबवा. बोलता बोलता तो रडला. इतक्या वर्षांत माइकवर तो कधी रडला नव्हता, त्याच्या आईच्या नावालासुद्धा नाही.

सगळं सांगून त्याने हेडफोन काढले. त्याला हलकं वाटलं. काचेपलीकडे गोल्डा दोन्ही हात छातीवर धरून उभी होती.

"काय माणूस आहेस रे तू," ती आत येऊन म्हणाली. "मेहुण्याला परत आणायला स्वतःच्या अंगावर कसला कसला डाग घेतोस!"

"गोल्डा, हे खरं आहे."

"बोलू नकोस. तुला त्रास होतोय. आवाज बघ कसा झालाय. हा तुझा आवाजच नाही."

टेलिफोन वाजायला लागला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं: व्हर्लिनच्या मनावर परिणाम झालाय, त्याला दोन दिवस रजा द्या, आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी जेवण ठेवायचं का?

व्हर्लिन धावत चौकातल्या खाणावळीत गेला. ती त्या वेळेला भरलेली असायची. त्याने खिशातून गोळ्यांची नारिंगी बाटली काढून काउंटरवर आपटली. "हे बघा. आता? आता तरी?"

मग शेजारच्या स्टुलावरच्या लाकूडवाल्याने खिशातून आपली बाटली काढली आणि व्हर्लिनच्या बाटलीशेजारी ठेवली. तोच डॉक्टर, तेच औषध. खिडकीतल्या जोडप्याने एकेक काढली. वाढणाऱ्या बाईने एप्रनमधून काढली. कोपऱ्यात खाणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याने दोन काढल्या, एक बायकोची. काउंटरवर रांग लागली.

"पाठ कोणाला नाहीये, व्हर्लिन?" लाकूडवाला समजुतीने म्हणाला. "याला खाणं म्हणत नाहीत. याला पाठ म्हणतात."

"पण मी चुकलो! मी चुकीचं मरण वाचलं!"

"ते तू म्हणतोस," वाढणारी बाई म्हणाली. "आणि सोमवारी तूच म्हणालास की कधी चुकलो नाही. आम्ही कोणत्या व्हर्लिनचं ऐकायचं? त्या दिवशीचा आवाज बरा होता." तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "पी. तुझ्याकडून पैसे नको."

दुपारनंतर अख्खी काउंटी कॉडिलांच्या दफनभूमीत होती. पेटी आधीच खड्ड्यात सोडली होती, झाकण बाजूला गवतावर. ऑर्बिन रविवारच्या सुटात स्वतःच चढून आला. एवढी माणसं जमली म्हटल्यावर येणं भागच होतं. तो येत होता तिथे लोक बाजूला होऊन वाट देत होते. त्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. शिडी लावलेली होती.

"बघतो जरा," तो म्हणाला आणि उतरला. पेटीत पाठ टेकवली, हात पोटावर घेतले. खालून त्याचा आवाज आला, "अरे वा."

"ऑर्बिन, वर ये!" व्हर्लिन कडेला गुडघे टेकून ओरडला. त्याच्या डाव्या कमरेतून कळ खालपर्यंत गेली. "मी सकाळी सांगितलं! सगळं सांगितलं, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

ऑर्बिन वर, ओकच्या फांद्यांकडे बघत होता. "खरं सांगू, मेहुण्या? मला नाही पटलं."

"तुला? अरे, तूच तर म्हणत होतास!"

"म्हणत होतो. पण आजचा माणूस रडत होता. कालचा बघ, शांत होता. काल ऐकताना मला वाटलं, हा कसा काय चुकेल?" त्याने डोळे मिटले. "आवाज खाली ठेव. बरं वाटतंय."

ब्रदर एस्टिलनी घसा खाकरला. उन्हाची कड समोरच्या डोंगरावरून वर सरकत होती. फावडीवाले एकमेकांकडे बघत होते. मग डेल्फिया पुढे झाली आणि म्हणाली, कोणीतरी नीट बघा रे, तुम्ही माणसं आहात का कोण. तेव्हा जनेल बूट काढून शिडीने खाली गेली. तिने मामाचं मनगट धरलं, मग मान, मग छातीवर कान ठेवला. बराच वेळ ठेवला.

"नाहीये," ती म्हणाली.

"आत्ता गेला?" व्हर्लिनने विचारलं.

जनेलने वर पाहिलं. ती अवघडली होती. "आत्ता नाही. आखडलाय. कालपासून असणार. काल मामीकडे मी त्याचा हात धरला होता, तेव्हाच मला नाडी लागली नव्हती. पण तो बोलत होता. मग म्हटलं, चारचौघांत कशाला."

ओपलने पर्स उघडली, रुमाल काढला, आणि या दोन दिवसांत पहिल्यांदा तिला खरंखुरं रडू आलं. लाकूडवाल्याने झाकण उचललं. पहिली माती पडली तेव्हा लोक एकेक करून व्हर्लिनजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. ते सांत्वन नव्हतं. रविवारी चर्चमधून निघताना लोक ब्रदर एस्टिलांचा हात धरायचे, तसा ते त्याचा खांदा धरत होते. फक्त जरा जास्त घट्ट, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता.

घरी आल्यावर फोन थांबेना. पहिली होती खाणावळीतली बाई. ऑर्बिनची पाठ थांबली होती म्हणे शेवटी? ओपल सांगत होती. तसं काही नाही, सहज विचारलं. मग खाणीतला म्हातारा; त्याला श्वास घेताना फार त्रास होतो, आणि बायकोलाही, दोघांचं एकाच दिवशी वाचता येईल का, म्हणजे मुलांना दोनदा यावं लागणार नाही. मग लाकूडवाला. तो म्हणाला, "या आठवड्यात जमेल का?" व्हर्लिनने फोनची वायर काढली.

तो स्वयंपाकघरात बसला. ऑर्बिनची पाठ त्याच्या पाठीत सरळ बसली होती, बाविसाव्या वर्षापासूनची. डेल्फियाने राजमा आणि मक्याचा ब्रेड वाढला आणि समोर बसली. तिने भावाबद्दल काहीच काढलं नाही. ती बशीतला ब्रेड कुस्करत होती. तिच्या बोटांचे सांधे सुजले होते. बरीच वर्षं सुजलेले होते, त्याने कधी विचारलं नव्हतं.

"व्हर्लिन," ती अगदी हळू म्हणाली, लग्नाच्या सुरुवातीला एखादी वस्तू मागायची तशी. "हात फार दुखतात रे."

व्हर्लिनच्या कानांवर हेडफोन नव्हते. तरी कुठूनतरी, लांबून, साय धरलेल्या आवाजात कोणीतरी "श्रीमती" म्हणायला सुरुवात केली. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आवाज पुढे सरकला नाही. पण थांबलाही नाही. वाट बघत होता.

व्हर्लिन उठला, ड्रॉवरमधून स्टेशनचा छापील कागद काढला आणि जेवण थंड होत असताना लिहायला बसला.

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
प्रसारण खाते.

विषय: अर्जदारास विश्वासास अपात्र ठरवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, मी व्हर्लिन स्टिडम, ड्रेनन काउंटी, निवेदक (मृत्युवार्ता), हा वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला इसम असून माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. याबाबत मी स्वतः कबुली दिली असता ती ग्राह्य धरण्यात आली नाही. सबब, मी खोटा असल्याचा अधिकृत दाखला, गेल्या बुधवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने, देण्यात यावा. दाखल्यात कै. ऑर्बिन कॉडिल यांचा उल्लेख "श्री." असा करावा. सदर दाखला मी वाचून दाखवल्यास लोक तो खरा मानतील आणि न वाचल्यास मानणार नाहीत, ही अडचण लक्षात घेऊन तो वाचण्यासाठी आपल्या खात्यातर्फे, ज्याच्या शब्दावर ड्रेनन काउंटीचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास असेल असा एक निवेदक, स्वखर्चाने, उद्या सकाळी सव्वाआठच्या आत पाठवावा, ही नम्र विनंती.